आधी गाव सांगा

मराठवाड्यातल्या कुणालाही भुताखेताची गोष्ट सांगायला बसवा, तो आधी गाव सांगतो. मग शिवार, मग विहीर कुणाची, पिंपळ ओढ्याच्या अलीकडचा की पलीकडचा, आणि सगळ्यात शेवटी भूत. ऐकणाराही मध्येच थांबवून विचारतो, ‘म्हणजे ते पाटलाच्या मळ्याजवळचं का?’ गोष्ट खरी की खोटी हे मागाहून ठरतं. ती कुठली, हे आधी ठरतं. या संग्रहातल्या कथा निवडताना आम्हीही हाच क्रम पाळला आहे. जिला गाव नाही ती गोष्ट, कितीही रंगलेली असो, इथं घेतलेली नाही.

हा संग्रह गारखेड्यात तयार झाला, त्यालाही कारण आहे. गारखेड्याच्या नावातच खेडं आहे. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिण अंगाचं हे गाव शहराने केव्हाच पोटात घेतलं. आज सूतगिरणी चौक, पुंडलिकनगर, गजानन महाराज मंदिर, विभागीय क्रीडा संकुल या खुणांवरून हा परिसर ओळखतात. १९८२ साली महापालिका झाली, कॉलन्या वाढत गेल्या आणि जालना, बीड, परभणीकडची कुटुंबं नोकरीपायी, मुलांच्या शिक्षणापायी इथं येऊन स्थिरावली. शिक्षक आले, एसटीतले कंडक्टर आले, वाळूजच्या कारखान्यांतले कामगार आले. त्यांच्या मागोमाग गावाकडचे म्हातारे आईवडील आले आणि त्यांच्याबरोबर गोष्टी आल्या. एकाच गल्लीत चार-पाच तालुक्यांचे मुंजे, आसरा आणि म्हसोबा शेजारी-शेजारी नांदू लागले. सकाळी क्रीडा संकुलावर फेऱ्या मारून झाल्या की मंडळी कट्ट्यावर टेकतात. एकाने गावाकडचा विषय काढला की दुसरा म्हणतो, ‘आमच्याकडं तसं नसतं’, आणि तिथून जे सुरू होतं ते टिपून घ्यायला वही पुरत नाही. या पुस्तकातल्या बऱ्याच कथा अशाच हाती आल्या.

त्यांतला चकव्याचा प्रकार घ्या. बीडकडच्या एका आजोबांनी सांगितलेली कथा संग्रहात त्यांच्याच बोलीत दिली आहे. ज्वारी राखायला निघालेला माणूस, अमावास्येची रात्र, हातात कंदील. पायाखालची वाट, तरी शेत येईना. एका बाभळीपाशी तो दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याला वाटलं, बाभळी काय सारख्याच दिसतात. म्हणून त्याने खांद्यावरचं उपरणं फांदीला बांधलं आणि नाकासमोर चालत सुटला. बऱ्याच वेळाने पुढ्यात बाभूळ आली, आणि फांदीला उपरणं होतं. सांगताना आजोबा इथं थांबले आणि त्यांनी तंबाखू मळायला घेतली. गोष्टीतल्या माणसानेही तेच केलं होतं. चकवा लागला की बसकण मारायची, तंबाखू मळायची, उजाडेपर्यंत पाऊल उचलायचं नाही, हा आपल्याकडचा उतारा. उजाडल्यावर त्याला दिसलं की आपलं शेत हाकेच्या अंतरावर आहे.

इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन आणि कॉर्नवॉल या परगण्यांत हाच अनुभव पिक्सी नावाच्या चिमुकल्या जीवांच्या माथी मारतात. रोजच्या कुरणात माणूस गोल गोल फिरत राहतो, फाटक सापडत नाही. तिथला उतारा असा, की अंगातला कोट काढायचा आणि उलटा करून घालायचा. दोन्ही उतारे माणसाला जागच्या जागी थांबवतात. २००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ रेषेत चालायला सांगून पाहिलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं सरळ चालली. ढग आले, अंधार झाला की ती वर्तुळात फिरू लागली आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. म्हणजे चकव्याचा अनुभव खरा आहे. त्याला नाव देण्याचं आणि त्यावर उपाय सांगण्याचं काम आपल्या शेतकऱ्यांनी प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी करून ठेवलं होतं.

मराठवाड्याच्या कथांत सगळ्यात जास्त काय आढळत असेल तर ते पाणी. ज्या मुलखात पाण्यासाठी पिढ्या झिजल्या तिथं दुसरं काय आढळणार? साती आसरा विहिरीत असतात, डोहात असतात, बारवेच्या शेवटच्या पायरीखाली असतात. जुन्या विहिरीच्या कडेला किंवा आतल्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात खडे ओळीने मांडलेले दिसतात, जवळ पिचलेल्या हिरव्या बांगड्या, विटलेला खण, वाळलेलं लिंबू. नवी विहीर खणायच्या आधी त्यांचा मान द्यायचा, पाणी लागलं की पुन्हा द्यायचा. भर बाराच्या उन्हात आणि तिन्हीसांजेला एकट्याने विहिरीवर जायचं नाही. लहानपणी वाकून पाहणाऱ्या पोराला आजी मागे ओढते ती ‘पडशील’ म्हणत नाही, ‘आसरा धरत्यात’ म्हणते.

पोरांनी खोल पाण्यापासून लांब राहावं म्हणून वडीलधाऱ्यांनी रचलेलं हे भय आहे, असं म्हणून अभ्यासक मोकळे होतात. एवढ्यावर थांबणं मला मान्य नाही. विहिरीवरच्या गोष्टी वाचता वाचता एक गोष्ट लक्षात येते. आसरा देवता आहेत, त्यांची कहाणी निराळी. पण त्याच काठावरच्या हडळीच्या बहुतेक कथा बाळंतपणात गेलेल्या बाईच्या आहेत, नाही तर सासरच्या जाचाला कंटाळून विहीर जवळ केलेल्या सुनेच्या. तिचा पंचनामा झाला असेल तर त्यात ‘पाय घसरून’ असं लिहिलेलं असतं. गावाने मात्र तिला रात्री काठावर बसलेली पाहिली आहे. ती कुणाच्या घरची होती, हे त्या घराला आवडो न आवडो, गोष्टीने पक्कं धरून ठेवलं आहे. ज्या बाईचं दुःख कुणी लिहून ठेवलं नाही तिची ही एकच नोंद उरली आहे, आणि म्हणून मी ती जपून वाचतो.

पाण्याचा हाच धागा शहरातही सापडतो. संभाजीनगरात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकलेलं असतं, की इथून थेट देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, किल्ल्यापर्यंत भुयार जातं. कुणी त्याचं तोंड बीबीच्या मकबऱ्यापाशी दाखवतं, कुणी पाणचक्कीपाशी, कुणी आपल्या वाड्याच्या तळघरात. शेळी सोडली ती थेट दौलताबादला निघाली, असा पुरावाही मिळतो. किल्ल्यापर्यंतचं भुयार कुणाला सापडलेलं नाही. पण या शहराच्या पोटात खरोखर भुयारं आहेत, ती पाण्याची. मलिक अंबरने १६१० साली खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवली आणि उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या कालव्याने गावात आणलं. ती नहर-ए-अंबरी. मागून आणखी नहरी झाल्या. पाणचक्की चालली ती अशाच एका नहरीच्या पाण्यावर. ठिकठिकाणी उभारलेले त्यांचे बंब, हवा आणि पाण्याचा दाब सांभाळणारे ते मनोरे, जुन्या शहरात अजून दिसतात. नहरीत उतरून गाळ काढणारी माणसं होती, ती एका ठिकाणी जमिनीत शिरत आणि दुसरीकडे निघत. भुयाराची दंतकथा याच आठवणीतून निघाली असावी असं माझं मत आहे. पाणी बंद पडलं, बंब मोडकळीला आले, आणि लोकांच्या मनात फक्त जमिनीखालची वाट उरली. दिल्ली दरवाजाबाहेरच्या ज्या तळ्याला आपण सलीम अली सरोवर म्हणतो त्याचं जुनं नाव खिजरी तलाव. ख्वाजा खिज्र म्हणजे मुसलमानी परंपरेतले पाण्याचे, वाटसरूंचे अवलिया. आसरांच्या मुलखात ते उपरे ठरले नाहीत.

वेरूळच्या कथा या संग्रहात वेगळ्या विभागात घेतल्या आहेत. तिथल्या लेण्यांची नावंच आधी पाहा. सुताराची झोपडी, तेल्याची घाणी, कुंभारवाडा, सीतेची न्हाणी, रावणाची खाई. गाईड ही नावं सांगतात आणि शिकलेला प्रवासी हसतो. पण शतकानुशतकं, जेव्हा तिथले लेख कुणाला वाचता येत नव्हते, तेव्हा आसपासच्या माणसांनी ही लेणी आपल्या परीने वाचली ती अशी. अकराव्या लेण्याला लोक ‘दोन ताल’ म्हणत आले, कारण मजले दोनच दिसत. १८७६ साली खाली साचलेली माती उपसली तेव्हा तिसरा मजला निघाला. नाव मात्र दोन तालच राहिलं, आणि त्यामुळे ते लेणं किती काळ गाळात रुतलेलं होतं हे आज कळतं.

कैलास लेण्याची कथा तर मला या सगळ्या प्रदेशाच्या कथांमध्ये श्रेष्ठ वाटते. ती ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात येते. राजा दुर्धर रोगाने आजारी पडला. राणीने घृष्णेश्वराला नवस केला, की राजा बरा झाला तर मंदिर बांधीन आणि मंदिराचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता कळस दिसायला वर्षानुवर्षं लागणार, राणी तोवर जगणार कशी? कुणा कारागिराला वाट दिसेना. तेव्हा पैठणहून कोकास नावाचा स्थपती आला आणि म्हणाला, आठवड्याभरात कळस दाखवतो. त्याने डोंगराच्या माथ्यावरून कोरायला सुरुवात केली. पहिल्यांदा कळस झाला, राणी जेवली, मंदिर मागून खाली उतरत गेलं.

आता इतिहासाकडे वळू. कैलास हे सोळावं लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात मुख्यतः घडलं, आणि ते खरोखरच वरून खाली कोरलेलं आहे. पाया आधी, कळस शेवटी, हा बांधकामाचा जगभरचा नियम इथं उलटा झाला. हे उलटं काम ज्यांनी पाहिलं त्यांना त्याचं कारण हवं होतं, आणि लोकांनी ते कारण एका उपाशी बाईत शोधलं. अभियंत्याच्या उत्तरापेक्षा हे उत्तर मला कमी वाटत नाही. इ. स. ८१२ च्या सुमाराच्या बडोद्याच्या ताम्रपटातही या मंदिराचा उल्लेख आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले, आणि खुद्द घडवणाराही, हे माझ्या हातून झालं कसं, अशा आश्चर्यात पडला, असा त्याचा आशय. म्हणजे काम झालं त्याला शंभर वर्षं व्हायच्या आतच त्याची दंतकथा झाली होती, तीही राजाच्या अधिकृत दानपत्रात.

वेरूळहून खुलताबादकडे वर चढलं की कथांचा रंग पालटतो. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं निधन १३३७ सालचं. त्यांच्या दर्ग्याची कथा १८८४ च्या औरंगाबाद गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. संतांच्या मागे शिष्यांकडे खर्चाला पैसा उरला नाही. त्यांनी प्रार्थना केली, तेव्हा आवारात रोज रात्री चांदीची झाडं उगवू लागली. ती मोडून विकायची आणि दर्ग्याचा खर्च भागवायचा. पुढे उत्पन्नाची सोय झाली तशी झाडं उगवायची थांबली, फरशीत चांदीचे कोंभ तेवढे राहिले. जवळच शूलिभंजनला एकनाथांनी तप केलं असं सांगतात. तिथल्या दत्तमंदिराच्या आवारात एक शिळा आहे, लहान दगडाने ठोकली की धातूचा नाद देते. आणि खाली भद्रा मारुती, जो भजन ऐकता ऐकता निजला तो निजलेलाच राहिला. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री गारखेड्यातून पोरांचे घोळकेच्या घोळके पायी खुलताबादला निघतात. ही वाट दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्यावरून जाते. रात्रभराच्या त्या चालण्यात किती कथा सांगितल्या जातात याची कल्पना चालल्याशिवाय येत नाही.

किल्ल्याच्या कथा पुष्कळ छापून आल्या आहेत. १२९६ च्या वेढ्यात धान्याची म्हणून ठेवलेली पोती मिठाची निघाली, किल्ल्यातल्या अंधारी वाटेत शत्रू एकमेकांनाच कापत सुटले, या कथा सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या इथं थोडक्यात आटोपल्या आहेत.

पैठणविषयी मात्र थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण भुतांच्या भाषेत लिहिलेलं सगळ्यात मोठं पुस्तक या जिल्ह्याचं आहे. गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरी होता. राजाला संस्कृत किती दिवसांत शिकवता येईल यावर दरबारात पैज लागली. गुणाढ्य ती हरला आणि त्याने संस्कृत, प्राकृत, देशभाषा तिन्ही सोडल्या. बोलायला भाषाच उरली नाही तेव्हा तो विंध्याच्या अरण्यात गेला, तिथं पिशाचांची बोली शिकला आणि त्या पैशाची भाषेत आपल्या रक्ताने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने भाषा पाहिली, रक्त पाहिलं आणि ग्रंथ नाकारला. गुणाढ्याने डोंगरावर अग्नी पेटवला. एकेक पान तो मोठ्याने वाचायचा आणि आगीत टाकायचा. अरण्यातले प्राणी चरायचं सोडून भोवती उभे राहून ऐकू लागले, डोळ्यांतून पाणी गाळू लागले. राजाच्या मुदपाकखान्यात येणारं मांस नीरस निघू लागलं, चौकशी झाली आणि राजा धावत अरण्यात आला. तोवर सहा लाख श्लोक जळले होते. उरलेले एक लाख त्याने नेले. ते मूळ पैशाची पुस्तकही पुढे हरवलं. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्यातल्या कथा संस्कृतात आणल्या, तो ‘कथासरित्सागर’. वेताळपंचविशीचा वेताळ आपल्याला भेटतो तो याच परंपरेतून.

दरबाराने नाकारलेली कथा, तीही हलक्या समजल्या गेलेल्या बोलीतली, आणि कदर वाटेपर्यंत बरंच जळून गेलेलं. मराठवाड्याच्या लोककथांच्या बाबतीत पुढेही हेच होत राहिलं. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून गावोगावच्या समजुती, देवदेवता, भुतांचे प्रकार लिहून मागवले होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांचा वध केला. कान्हेरे तेव्हा औरंगाबादेत शिकत होते. जॅक्सन यांनी जमवलेली टिपणं पुढे एन्थोव्हेन यांनी १९१४-१५ मध्ये छापली आणि त्यांत कोकण, गुजरात नीट आले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, इथल्या मास्तरांना कुणी प्रश्नावली पाठवली नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख मराठी अभ्यासकांच्या वाटेवर आलाच नाही म्हटलं तरी चालेल. पुढे १९५८ साली इथं विद्यापीठ झालं आणि प्रभाकर मांडे यांच्यासारख्या माणसाने ‘लोकसाहित्याचे स्वरूप’, ‘गावगाड्याबाहेर’ अशा ग्रंथांनी पाया घातला. भटक्यांच्या पालांवर जाऊन बसणारा हा प्राध्यापक नसता तर आज आपल्याकडे काय असतं, हा विचार करवत नाही. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले.

तिकडे इंग्लंडात लोककथांची संस्था १८७८ सालची. तिने परगणावार खंड काढले. सफोक परगण्यातल्या बंगे गावच्या चर्चमध्ये ४ ऑगस्ट १५७७ च्या वादळात काळा कुत्रा शिरला आणि त्याने माणसं मारली, ही गोष्ट त्याच वर्षी पत्रक होऊन छापली गेली. तारीख आहे, गाव आहे, शेजारच्या ब्लायबर्गच्या चर्चचा दरवाजा आहे, त्यावरचे जळके ओरखडे त्याच कुत्र्याचे म्हणून दाखवतात. साडेचारशे वर्षं झाली, गोष्ट जागेवर आहे. आमचे मुंजे मात्र पिंपळाबरोबर तोडले जातात. २०२४ मध्ये ‘मुंज्या’ नावाचा हिंदी सिनेमा आला, तेव्हापासून कॉलनीतली मुलं मुंजाला कोकणातला समजतात. त्यांच्या आजोबांच्या गावात वेशीबाहेर पार बांधलेला मुंजा आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

काही गोष्टी या संग्रहातून जाणीवपूर्वक वगळल्या आहेत. भानामतीच्या, करणीच्या, चेटकिणीच्या ज्या कथांत गावातल्या एखाद्या बाईकडे बोट दाखवलेलं आहे, ती हयात असो वा नसो, त्या इथं मिळणार नाहीत. असल्या गोष्टींनी मराठवाड्यात माणसांना मार खावा लागला आहे, वाळीत पडावं लागलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला आणि त्यानंतर त्या वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याच्या बाजूने मी आहे, आणि हडळीची गोष्टही मी मनापासून ऐकतो. यात मला विरोध दिसत नाही. मेलेल्या बाईची आठवण ठेवणारी गोष्ट वेगळी आणि जिवंत बाईला मारायला उठवणारी वेगळी. उपचार सोडून मांत्रिकाकडे जायला लावणारी एकही ओळ या पुस्तकात येऊ नये याची काळजी घेतली आहे.

वाचकांना एक विनंती. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर या दिवाळीच्या आत त्यांच्यापाशी बसा. मोबाइलवर आवाज टिपा, पण वहीतही लिहा. गाव, तालुका, सांगणाऱ्याचं वय, त्यांनी ती कुणाकडून ऐकली, एवढं आधी लिहा. त्यांचे शब्द सुधारू नका. ‘लई’ म्हणाले तर ‘लई’च लिहा. विहीर बुजली असेल, पिंपळ तोडला असेल, तर ती जागा आज कुठे येते तेही लिहा. जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांच्या कथा आमच्याकडे फार कमी आल्या आहेत. तिकडच्या वाचकांनी जरूर पाठवाव्यात. पुढच्या आवृत्तीत त्यांच्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.